चौथं कडवं

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका मंगळवारी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, मी एका गाण्याचं शेवटचं कडवं काढून टाकलं आणि उरलेली तीन कडवी माझ्या ब्लॉगवर प्रसिद्ध केली. वेळ नोंदीखाली आपोआप पडते, म्हणून ती नक्की सांगता येते. कडवं काढायला किती वेळ लागला याची नोंद नाही. एका मिनिटाहून कमी असावा.

गाणं नेरळजवळच्या पोशीर गावातल्या एका बाईंनी रचलेलं होतं. हे मला तेव्हा माहीत होतं.

त्याआधी एकोणीस वर्षं मी मुंबईतल्या एका दैनिकात उपसंपादक होते. काम दुसऱ्यांच्या मजकुरावर. बातमी जागेपेक्षा मोठी झाली की ती खालून कापतात. बातमीदाराला हे ठाऊक असतं, म्हणून महत्त्वाचं तो वर लिहितो आणि गेलं तरी चालेल असं शेवटी ठेवतो. हात इतका सरावतो की शेवटचा परिच्छेद वाचण्याआधीच बोट त्याच्यावर गेलेलं असतं. आमची आवृत्ती बंद झाली तेव्हा मी कर्जतला आले. स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं आणि ब्लॉग सुरू केला.

पहिल्या वर्षात अकरा नोंदी झाल्या. आज वाचल्या तर त्या तालुका पानावरच्या बातम्यांसारख्या वाटतात. पुलाचं काम, नदीतली जलपर्णी, बाजारातली रानभाजी. एकाही नोंदीत ‘मी’ हा शब्द नाही. तो लिहिता येत नव्हता. लिहायला बसले की वाक्य ‘असे समजते’वर जाऊन थांबायचं. वाचक नव्हते, आणि त्यात वाचकांचा दोष नव्हता.

त्याच काळात चित्रं काढायला लागले होते. शिकलेली नाही. शनिवारी माथेरानला जायचं, गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर बसायचं आणि काळ्या पेनानं समोर दिसेल ते काढायचं. घोडे जमत होते. हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या पोटऱ्या जमत होत्या. हात जमत नव्हते. बोटं काढली की हातमोजा वाटायचा.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ मूळचे पोशीरचे. तहसील कचेरीत नोकरीला आहेत. ज्येष्ठात त्यांच्या आई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीनं श्रद्धांजली वाहण्याच्या, दिवशी त्यांनी इमारतीतल्या सगळ्यांना बोलावलं. मी एकटीच गेले. घरासमोर मांडव होता. वंदना झाली, दोघे-तिघे बोलले, मग गावातल्या बायकांची गायन पार्टी बसली. पेटी, ढोलकी, दोन टाळ. गाणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या, बुटक्या, चष्मा दोरीनं मागे बांधलेला. गावातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवतात, असं शेजारच्या बाईनं सांगितलं. त्यांनी तीन गाणी म्हटली. तिसरं आईचं होतं. त्यातल्या दोन ओळी मी निमंत्रणाच्या पाठीवर उतरून घेतल्या:

चिखलात गेले दिस, आवणीत गेली बोटं,
आईच्या हातावरची रेघ राहिली कुठं.

आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून पुन्हा लावायची. चार दिवस ते काम केलं की बोटांची कातडी पांढरी पडते, हे मी ऐकून होते, बातमीतही लिहिलं होतं. तळहाताच्या रेघा पुसल्या जातात, हे कधी लिहिलं नव्हतं.

घरी आले आणि पेन घेऊन हात काढला. जमला. रेघा काढायच्याच नाहीत एवढंच करायचं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या आईबद्दल लिहायला बसले. आई टायपिस्ट होती, तिच्या बोटांची टोकं चपटी झाली होती. लिहिताना पहिल्या वाक्यात ‘माझी’ आलं आणि ते खोडावंसं वाटलं नाही. त्यानंतर मला लिहिता येऊ लागलं. ते त्या गाण्यामुळे, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही.

पूर्ण गाणं हवं होतं. आषाढात पोशीरला त्यांच्या घरी गेले. शाळा सुटून त्या नुकत्याच आल्या होत्या. चहा झाला. मी त्यांना मावशी म्हणू लागले होते, त्या मला अगं-तुगं करत. त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकचं वेष्टण घातलेली लांब वही काढली. त्यात सतरा गाणी होती. सोळा गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात एका पुरुषाचं नाव होतं.

हे मालकांचं, त्या म्हणाल्या. मालक म्हणजे त्यांचे यजमान. पार्टी त्यांची होती, पेटी ते वाजवायचे. गाणी या बनवायच्या, पण पार्टी ज्याची त्याचं नाव शेवटच्या कडव्यात, असा रिवाज. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मी विचारलं, याचं कधी वाईट नाही वाटलं?

“वाईट कशाचं गं? पन ते मेले तरी टाळ्या त्यांनाच पडत्यात, ही एक गंमत हाय.”

मग त्यांनी सतराव्या गाण्याचं पान उघडलं. ते आईचं. शेवटच्या कडव्यातल्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

“ह्यात माझं हाय. पहिल्यांदाच घातलं. महिनाभर वहीत तसंच मोकळं ठेवलेलं, धीरच होत नव्हता.”

मोकळं म्हणजे काय, हे त्यांनी न विचारता सांगितलं. ज्या गाण्याला नावाचं कडवं नाही ते मोकळं. मोकळं गाणं कुणाचंच नसतं. ज्याला आवडेल त्यानं आपलं कडवं रचून ते बांधावं, त्यात चोरी नाही. त्यांनी स्वतः अशी दोन जुनी गाणी मालकांच्या नावानं बांधली होती. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. माझ्या वहीत त्या पानावर तारीख आहे.

त्यांनी आपली वही मला दोन दिवस घरी नेऊ दिली. भिजवू नको, एवढंच म्हणाल्या.

आता मंगळवारची गोष्ट. नोंद तयार होती: वर हाताचं चित्र, मग आईबद्दलचं माझं लिखाण, मग गाणं. पहिली तीन कडवी वाचून झाली की अंगावर काटा यायचा. चौथं ढिलं होतं. पहिला शब्द त्यांचं नाव, आणि पुढे ‘सांगते सभेला, ऐका देऊनी ध्यान, आईच्या कष्टाचा मनी ठेवा मान.’ सांगून झालेलं पुन्हा सांगितलेलं. डेस्कवर असते तर कापलंच असतं. कापलं.

ते गेल्यावर नावही गेलं. खाली वेगळं नाव देता आलं असतं. ब्लॉगवर कुणाचंही नाव द्यायचं नाही असा मी स्वतःसाठी नियम केला होता, तो पुढे केला. पण गाण्याखाली काहीतरी लिहावं लागतं. मी ‘पोशीर परिसरातील पारंपरिक गीत, रचनाकार अज्ञात’ असं लिहिलं. चित्राच्या कोपऱ्यात माझी सही होती, ती राहू दिली. ज्या कवीचं पुस्तक छापलेलं आहे त्याच्या कवितेशी मी असं वागले नसते. हे नंतर सुचलेलं नाही. त्याच दुपारी मनात आलं होतं आणि मी पुढच्या कामाला लागले होते.

नोंद खूप वाचली गेली. गाणं तेवढं वेगळं काढून लोकांनी एकमेकांना पाठवलं. कोणी मूळ रचना कोणाची असं विचारलं, तेव्हा मी ‘अज्ञात’ असं उत्तर लिहिलं. हे दोनदा झालं. मी दर आठवड्याला लिहू लागले. लिखाण बरं होत होतं.

पौषात कर्जतमधल्या एका वाचनालयानं मला बोलायला बोलावलं. विषय होता लेखनाची प्रेरणा. मी संगीत आणि चित्र यांनी माझं लिहिणं कसं मोकळं केलं ते सांगितलं. गाण्याची तीन कडवी वाचून दाखवली. मग म्हणाले की असं गाणं कुणा एकाचं नसतं, ते मातीतून येतं. टाळ्या पडल्या. शेवटून दुसऱ्या रांगेत खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बसले होते.

घरी परतल्यावर इमारतीच्या जिन्यात, किल्ली काढता काढता, ते शांतपणे म्हणाले, “ताई, ते गाणं आमच्या मावशींचं आहे. त्यांनी तुम्हाला वही दिली होती ना?”

मी हो म्हणाले. दुरुस्त करते म्हणाले. ते पुन्हा कधी त्यावर बोलले नाहीत.

दुरुस्ती केली नाही. कारण सांगता येतं, ते मोठं नाही. व्याख्यान ऐकून आणखी दोन ठिकाणांहून बोलावणी आली होती. दुरुस्ती केली असती तर ‘मातीतून येतं’ हे वाक्य परत घ्यावं लागलं असतं. तीन महिने गेले.

भीमजयंतीच्या दिवसांत कोणीतरी फोनवर व्हिडिओ पाठवला. खोपोलीकडचा कार्यक्रम, मोठा मंच, की-बोर्ड, दिवे. साजगावच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण गायक आईचं गाणं म्हणत होता. चाल बदललेली, पण चांगली. तीन कडवी झाली आणि त्यानं चौथं म्हटलं. त्यात त्याचं नाव होतं. मी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि कुणाला काही कळवलं नाही.

नऊ दिवसांनी फोन आला.

“मॅडम, एक इचारायचं हाय.” याआधी त्यांनी मला मॅडम म्हटलं नव्हतं. “माझं गानं तुमी कोनाला दिलं?”

कुणालाच नाही, ब्लॉगवर टाकलं होतं, असं मी म्हणाले.

“मंग तिथं माझं नाव हाय ना?”

मी नाही म्हणाले. पलीकडे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला. मग त्यांनी काय झालं ते सांगितलं. गावच्या जयंतीला त्या तेच गाणं म्हणायला उभ्या राहिल्या, तेव्हा पुढे बसलेल्या पोरी हसल्या आणि एक म्हणाली, खोपोलीचं गानं कुठनं उचललंस गं आजी. चौथ्या कडव्यात त्यांनी स्वतःचं नाव म्हटलं तेव्हा आणखी हसल्या. त्यांच्याच पार्टीतल्या एकीनं नंतर बाजूला घेऊन विचारलं की दुसऱ्याच्या गाण्यात नाव कशाला घातलंस, मालकांची गाणी कमी आहेत का. त्यानंतर त्यांनी ते गाणं म्हटलेलं नव्हतं.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफी फोनवर नको. रविवारी विहारात वंदनेला सगळ्या असतात, तिथे येऊन सांगा. आणि त्या साजगावच्या पोरालाही सांगा, माझ्यासमोर.

ब्लॉग मी त्याच संध्याकाळी दुरुस्त केला. नाव, चौथं कडवं, खाली दोन ओळींचा खुलासा. ते सोपं होतं. विहारात जायला मला आणखी दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी ताप आहे असं कळवलं. ताप नव्हता.

तिसऱ्या रविवारी गेले. वीसेक बायका होत्या, मागे दोघे-तिघे पुरुष. वंदना झाल्यावर मावशींनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी उभी राहिले आणि सांगितलं: गाणं यांचं आहे, मला ते माहीत होतं, शेवटचं कडवं मी कापलं. का कापलं, असं ढोलकी वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं. मी पेपरातल्या कामाची पद्धत सांगितली.

“म्हंजे पेपरात शेवटचं कापत्यात?”

“हो.”

“मंग शेवटी काय लिवत्यात?”

“गेलं तरी चालेल ते.”

मग ती म्हातारी बाजूच्या बाईला म्हणाली, “आमी नाव शेवटाला घालतो, म्हंजे लोक ऐकून घरी नेत्यात. ह्या बाई शेवटच कापून मोकळ्या.” दोघी-तिघी हसल्या. मावशी हसल्या नाहीत. ज्या बाईनं मालकांच्या गाण्यांबद्दल विचारलं होतं ती त्यांच्याजवळ सरकून बसली.

पुढच्या बुधवारी शाळेला सुट्टी लागलेली होती. मावशी, ढोलकीवाल्या बाई आणि मी पोशीरहून नेरळपर्यंत टेंपोनं, कर्जतला गाडी बदलून खोपोलीला आणि तिथून रिक्षानं साजगावला गेलो. वाटभर त्या दोघी कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होत्या. मी माझी तारीख असलेली वही पिशवीत घेतली होती, पुरावा लागला तर म्हणून.

गायक तीनला पाळी सुटल्यावर कारखान्याच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर भेटला. पस्तिशीचा, अंगात कंपनीचा शर्ट, हातात डबा. जयभीम झाला. मी सांगायला सुरुवात केली तसा त्यानं फोन काढून माझ्याच जुन्या नोंदीचा फोटो पुढे धरला.

“हे तुमीच लिवलंय ना? रचनाकार अज्ञात. खाली कडवं नाय. मोकळं दिसलं म्हनून मी बांधलं. मी चोरी केली नाय.”

केली नाहीत, असं मी म्हणाले. माझी चूक आहे, असं म्हणाले. वही कुणी मागितली नाही. तो माझ्याकडे आता पाहतही नव्हता. मावशींकडे वळून म्हणाला, “मावशी, तुमी सांगा. मी काय करू?”

मावशींनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

“तुला गानं आवडलं ना रं?”

“आवडलं म्हनून तर म्हनतो. माझी आई पन आवणीला जायची.”

“मंग पुरं म्हन.”

त्यानं चौथं कडवं विचारलं. मावशींनी टपरीच्या बाकावर बसूनच ते म्हटलं, आवाज न चढवता. ढोलकीवाल्या बाईंनी बाकावर बोटांनी ठेका धरला. त्यानं फोनमध्ये लिहून घेतलं, नाव नीट आहे का म्हणून वाचून दाखवलं आणि एकदा गाऊन पाहिलं. मावशींनी एका जागी त्याला थांबवलं आणि तिथे श्वास घे म्हणाल्या. आधीचा व्हिडिओ ज्यानं चढवलाय त्याला सांगतो, पण काढणं माझ्या हातात नाही, असं तो म्हणाला. बुद्धपौर्णिमेला खालापूर तालुक्यात एका गावी कार्यक्रम आहे, तिथे पुरं म्हणतो, तुम्ही या, असंही म्हणाला.

परतताना गाडीत मी मावशींना विचारलं की हे सगळं लिहिलं तर चालेल का, आणि त्यात त्यांचं नाव देऊ का. त्यांनी खिडकीतून बाहेर बघत उत्तर दिलं.

“लिवा. पन माझं नाव गान्यात ऱ्हाऊ द्या. तुमच्या गोष्टीत नको.”

म्हणून ते इथे नाही.

बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला आम्ही तिघी गेलो. मावशी बायकांत तिसऱ्या रांगेत बसल्या, मी कडेला उभी होते. निवेदकाच्या हातात छापलेला कागद होता. त्यावरून त्यानं ‘आता एक पारंपरिक गीत’ असं जाहीर केलं. गायकानं माइक घेतला आणि गाणं पोशीरच्या मावशींचं असल्याचं सांगितलं. चारही कडवी म्हटली. चौथ्यात मावशींचं नाव होतं. मावशी शेवटपर्यंत त्याच्याबरोबर ओठ हलवत होत्या. टाळ्या पडल्या तेव्हा ढोलकीवाल्या बाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं. त्या उठल्या नाहीत.

पुढच्या रविवारी त्यांनी विहारात ते गाणं म्हटलं, असं खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सांगितलं. मी तिथे नव्हते.

आज सकाळी इंटरनेटवर पुन्हा शोधलं. माझा ब्लॉग सोडून गाणं सात ठिकाणी सापडलं. जुना व्हिडिओ त्यात आहे. त्यात चौथं कडवं गायकाच्या नावाचं आहे. उरलेल्या सहा ठिकाणी गाणं तिसऱ्या कडव्यावर संपतं.